पैसे देणारी माणसं आणि आपण

(कोल्हापूर इथल्या कार्यकर्ता शिबिरात आपल्या संघटनेच्या एका तरुण कार्यकर्त्याने केलेलं भाषण. वाड्यांवर वाचून दाखवता यावं म्हणून बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)



मी रायगडच्या डोंगरातल्या एका कातकरी वाडीवरून आलो आहे. कोल्हापूर आमच्या वाडीला नवीन नाही. माझा बाप या बाजूला कोळसा पाडायला येत होता. दिवाळी झाली की मुकादम उचल द्यायचा, टेम्पोत माणसं भरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत आणून सोडायचा. लहान असताना दोन साल मी पण भट्टीवर होतो. तेव्हा कोल्हापूर म्हणजे रात्री लांबून दिसणारे दिवे एवढंच माहीत होतं. आज त्या दिव्यांच्या गावात उभा राहून बोलतोय, त्यामुळे थोडं अडखळलो तर सांभाळून घ्या.

शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे विषय लिहिलाय, ‘देणगीदारांशी अर्थपूर्ण संबंध’. वाचून मला हसू आलं. पेपरात ‘अर्थपूर्ण संबंध’ असं छापून येतं तेव्हा कुणीतरी कुणाला तरी टेबलाखालून पाकीट दिलेलं असतं. ज्यांनी विषय लिहिला त्यांच्या मनात तसं नाही, हे मला माहीत आहे. पण या शब्दाने मी विचारात पडलो. पैसा मधे आला की संबंध कसा होतो? चांगला होतो की वाईट? मी बारावी शिकलोय, यावरचं पुस्तक काही वाचलेलं नाही. वाडीवर जे बघितलं तेच सांगणार.

आमच्या वाडीला तीन तऱ्हेचे पैसे माहीत आहेत.

एक, उचल. मुकादम गौरी-गणपतीला, दिवाळीला येतो. घरात दाणा नसतो, पोर आजारी असतं. तो गोड बोलतो, पैसे हातात ठेवतो. त्या पैशाला लिहिलेलं काही नसतं, असलं तर ते त्याच्या वहीत असतं आणि वही त्याच्या खिशात. सहा महिने भट्टीवर राबून आलो तरी उचल फिटलेली नसते. बाप विचारायला गेला की तो म्हणायचा, तुला आकडे कळतात काय? म्हणजे हा असा पैसा, की तो घेतला त्या दिवसापासून आपले हातपाय दुसऱ्याचे.

दुसरा, गार्डला दिलेला पैसा. याच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

आमचे आजे-पणजे डोंगरात दळीवर नाचणी-वरी करत आले. ही जमीन वनात धरली जाते. गार्ड यायचा, म्हणायचा अतिक्रमण आहे. मग दोन गोष्टी व्हायच्या. एखादा गार्ड दंड करायचा आणि दंडाची पावती फाडायचा. दुसरा एखादा म्हणायचा, दंड कशाला, कोंबडी दे, दहा रुपये दे, मी बघितलंच नाही असं समज. आम्हाला वाटायचं कोंबडीवाला गार्ड भला माणूस. पावतीवाल्याला बाया शिव्या द्यायच्या.

पुढे काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ३१ मार्च १९७८ पर्यंत जे कसत होते त्यांच्या जमिनी नावावर करायच्या असं सरकारने १९७८-७९ साली ठरवलं. नंतर १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि सगळं अडलं. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने कसणाऱ्यांचे दावे नीट तपासायला सांगितलं. मग दावे भरायचे म्हटल्यावर साहेब विचारू लागला, पुरावा काय? आणि मग आम्हाला कळलं, की ज्याने शिव्या देत दंड भरला त्याच्याकडे कागद आहे. ‘अमुक तारखेला अमुक माणूस या जंगलात नाचणी करताना सापडला’ असं सरकारच्याच हातचं लिहिलेलं. आणि ज्याने कोंबडी दिली त्याच्याकडे काही नाही. माझ्या बापाने कोंबड्या दिल्या. आमच्या दळीचा पुरावा त्या गार्डच्या पोटात गेला.

म्हणून मी म्हणतो, पावतीची किंमत काय असते ते कातकऱ्याला विचारा. शहरातला माणूस पावती खिशात चुरगाळून टाकतो. आमच्याकडे ती बांबूच्या नळीत, तेलाच्या डब्यात, देवाच्या मागे वीस-वीस वर्षं जपलेली आहे. संघटनेला कुणी एक रुपया दिला तरी पावती फाडायची, हा नियम आम्हाला कुणी शिकवायला लागला नाही. आठवडा बाजारात एका भाजीवाल्या मावशीने दोन रुपये दिले, तिला पण फाडून दिली. ती म्हणाली, ठेव रे, मला कशाला. मी म्हटलं, मावशी, ठेव. उद्या मी म्हटलं की तू काहीच दिलं नाहीस, तर तू काय दाखवशील?

तिसरा पैसा म्हणजे आहेर. लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक शिकलेलं पोरगं वही घेऊन बसतं. कुणी पाच रुपये लावतो, कुणी पातेलं, कुणी पायलीभर तांदूळ. सगळं नावानिशी लिहितात. ती वही वर्षानुवर्षं घरात राहते. त्याच्या घरी लग्न निघालं की वही काढायची, त्याने काय केलं होतं ते बघायचं आणि आपण जायचं. नुसता पैसा पाठवून भागत नाही. आपण स्वतः गेलं पाहिजे, मांडव घालू लागलं पाहिजे, वाढायला उभं राहिलं पाहिजे. तुमच्याकडे घाटावर इर्जिक म्हणतात, आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी, त्यातलाच हा प्रकार.

आता मला सांगा, शहरातली माणसं आपल्याला पैसे देतात ते यातल्या कुठल्या खात्यात मांडायचे? मी म्हणतो आहेराच्या. पण आपण काय करतो? घेताना आहेर म्हणून घेतो आणि वही मात्र ठेवत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. तीच सांगतो.

इथे कोल्हापुरात एक निवृत्त शिक्षिका आहेत. नाव सांगू नको म्हणाल्यात, म्हणून आपण त्यांना नुसतं बाई म्हणू. आपलं हे बुलेटिन कुणाकडून तरी त्यांच्या हातात पडलं. त्यांनी दर महिन्याला ५१ रुपयांची मनीऑर्डर सुरू केली. कमिशन वेगळं. पोस्टमन वाडीपर्यंत चढत नाही, मी बाजाराच्या दिवशी खाली जाऊन सही करून पैसे आणायचो. तेव्हा मनीऑर्डरला खाली एक कुपन असायचं, त्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या असायच्या. ते कुपन मी पैसे मिळाल्याचा पुरावा म्हणून तारेत खोचून ठेवायचो. पावती मात्र दर महिन्याला बरोबर पाठवायचो, त्यात कसूर नाही. मला वाटायचं माझं काम चोख आहे.

चौदा महिने झाले आणि मनीऑर्डर बंद झाली. एक महिना वाट बघितली, दोन महिने. कुणी म्हणालं, म्हातारी गेली असेल. कुणी म्हणालं, कंटाळल्या, शहरातल्या माणसांचं असंच असतं. मी पण हो म्हटलं. आज सांगताना लाज वाटते, पण मी हो म्हटलं.

पुढे वकिलाच्या कामाने कोल्हापूरला आलो तेव्हा पत्ता शोधत गेलो. बाईंनी दार उघडलं, चहा केला. मी म्हटलं, बाई, पावत्या मिळत होत्या ना? त्या म्हणाल्या, “पावत्या मिळाल्या. पण अरे, मी चौदा प्रश्न विचारले, एकाचंही उत्तर नाही. वर्गात पोर गप्प बसलं की मी समजायचे त्याला येत नाही. तुम्हाला येत नव्हतं का?”

मला काही कळेना. मग डोक्यात आलं, कुपन! परत गेल्यावर तारेतून काढून एकेक वाचलं. ‘नाचणी कशी आली?’ ‘आत टाकलेले सुटले का?’ ‘मोजणीला कोण आलं होतं?’ ‘त्या बाळंतिणीचं काय झालं?’ आमच्या बुलेटिनमधलं एकेक वाचून त्यांनी पुढचं विचारलेलं. मी आकडा बघितला, सही केली आणि खोचलं. त्यांना आभार नको होते. आपला माणूस कसा आहे असं विचारत होत्या, आणि मी दर महिन्याला उत्तर देत होतो, ‘रु. ५१ फक्त मिळाले’.

त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी आठवेल तसं विचारलं आणि मी सांगितलं. दोन तास लागले. सगळं चांगलं नव्हतंच. आत टाकलेले सुटले, पण केस चालूच आहे. तुमचे ५१ रुपये अमुक महिन्यात एस.टी.ला गेले आणि कोर्टात नुसती तारीख पडली. दोघांचे दावे बाद झाले. बाळंतीण वाचली, पोर वाचलं नाही. मला वाटलं हे ऐकून बाई म्हणतील, मग माझे पैसे गेले कुठे? त्या काही म्हणाल्या नाहीत. दावे बाद का झाले, कागद काय होते, ते खोदून खोदून विचारत बसल्या.

त्याच उन्हाळ्यात बाई आमच्या वाडीवर आल्या. पाच दिवस राहिल्या. खालच्या गावापासून वर चालत आल्या, दोनदा बसल्या. दिवसभर ओटीवर बसून लोकांनी आणलेल्या दंडाच्या पावत्या चष्मा लावून वाचायच्या आणि फुलस्केप कागदावर उतरवायच्या. नाव, तारीख, जंगलाचा नंबर, रक्कम. अशा ६३ पावत्या. त्यातल्या नऊ आम्ही बाजूला टाकल्या होत्या, शाई उडालेली म्हणून. बाईंनी त्या उन्हात तिरक्या धरून वाचल्या. नऊच्या नऊ १९७८ च्या आधीच्या निघाल्या. साथींनो, ५१ रुपयांचा हिशेब मला मांडता येतो. त्या नऊ पावत्यांचा कसा मांडू? ती नऊ घरं आज दाव्यात आहेत.

आता आम्ही असं करतो. पावती जाते, आणि तिच्याबरोबर पोस्टाचं कार्ड जातं. कार्डावर त्यांनी जे विचारलं असेल त्याचं उत्तर. काही विचारलं नसेल तर वाडीची एक खबर. हे काम एकट्या माझ्याकडे नाही. सातवी झालेली दोन पोरं आणि साक्षरतेच्या वर्गातली एक बाई लिहिते. तिचं अक्षर वेडंवाकडं आहे. मी एकदा म्हटलं, मी नीट लिहून देतो, तर ती रागावली. तिला स्वतःच्या हाताने लिहायचं होतं.

रात्री ओटीवर बसून बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण ती तुमच्याच जिल्ह्यातल्या माणसाची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म १८८७, गाव कुंभोज, तालुका हातकणंगले. इथे कोल्हापुरातच शिकायला होते. तुम्ही शाळेत धडा वाचला असेल. पण आपण त्यांच्याकडे पैसे उभे करणारा माणूस म्हणून बघितलेलं नाही.

१९१९ साली कराडजवळ काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह केलं. एका घरात, एका पंगतीला. आता पैसा कुठून आणायचा? भाऊराव आधी नांगराच्या धंद्यात फिरले होते, मोठ्या लोकांच्या ओळखी होत्या. सांगतात, की एका कारखानदाराने मदत करायचं कबूल केलं होतं आणि नंतर शब्द फिरवला. बोर्डिंगमध्ये पोरं उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं एकेक करून विकलं. शेवटी मंगळसूत्र पण. १९३० साली त्या वारल्या. हे ऐकून आमच्या वाडीतल्या बाया गप्प झाल्या. एक म्हातारी म्हणाली, पहिली वर्गणी घरच्या बाईची.

मग मुठीचा फंड. घरातली बाई दळायला, शिजवायला धान्य काढते, त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याने, महिन्याने ते धान्य बोर्डिंगला. एका मुठीने कुणी गरीब होत नाही. पण रोज मूठ टाकताना त्या बाईला आठवतं, की साताऱ्यात पोरं आहेत आणि ती माझी मूठ खातात. वर्षाला एकदा शंभर रुपये देणाऱ्याला वर्षातून एकदा आठवत असेल. हिला रोज आठवतं.

आणखी एक सांगतात. साताऱ्याच्या कॉलेजला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव होतं. एक पैसेवाला म्हणाला, मोठी रक्कम देतो, कॉलेजला माझ्या म्हणण्याप्रमाणे नाव द्या. भाऊराव म्हणाले, एक वेळ बापाचं नाव बदलीन, कॉलेजचं बदलणार नाही. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुमाराला सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं सरकारी अनुदान बंद पडलं. तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री खेरांकडे जाऊन शब्द टाकला असं सांगतात. पुढे अनुदान सुरू झालं. पण मधला काळ कशावर निघाला? रयतेने दिलेल्यावर.

ही गोष्ट मी डोळे झाकून घेत नाही. एक फरक आहे. पोरांना शिकवायला नाही म्हणणारा माणूस त्या काळीही कमीच असणार. शाळेला पैसा मागायला गेलं की लोक हात जोडतात. आपण जमीन मागतो. आपण मागतो ती जमीन कुणाच्या तरी तोंडातली आहे, आणि कधी कधी तो देणगी देणाऱ्याचाच पाहुणा निघतो. त्यामुळे आपल्याला जपून पावलं टाकावी लागतात. आणि दुसरं, राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली, तो लौकिक मोठा आहे. पण आमचा कातकरी त्या वेळी जंगलात होता, त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. मी मात्र अकरावी-बारावी रयतच्याच शाळेत केली. म्हणजे कुणा बाईची एक मूठ फिरत फिरत माझ्या ताटात आली. त्या बाईला माझं कार्ड गेलेलं नाही.

बाई गेल्यावर वाडीने बैठक घेतली आणि मूठ धरली. रोजची मूठ आमच्याकडे जमत नाही, रोज शिजायलाच नसतं. म्हणून असं ठरलं की नाचणी-वरी घरात आली की घरटी एक पायली, आणि वर्षाला दहा रुपये. आमच्या वाडीत ४२ घरं, त्यातली ३१ घरांनी दिलं. अकरा घरं वीटभट्टीवर गेलेली, ती राहिली. ती आल्यावर बघू. याने संघटनेचा सगळा खर्च भागत नाही. पण आता बाहेरच्या माणसापुढे मी जातो तेव्हा वही उघडून दाखवतो, आधी आमच्या घरांची नावं, मग तुमचं. मागणारा आणि आहेर लिहून घेणारा यांच्या उभं राहण्यात फरक असतो. तो मला माझ्याच पाठीत जाणवला.

आता आमच्याकडे चाललेला खरा प्रश्न सांगतो. तो अजून सुटलेला नाही.

शहरातली एक मोठी संस्था आहे, तिचं नाव घेत नाही. त्यांचा माणूस आला. बोलायला चांगला, आमच्या भाकरीला नावं न ठेवणारा. म्हणाला, तीन वर्षांचा प्रोजेक्ट देतो. एक जीप, पाच कार्यकर्त्यांना महिन्याचा पगार, निर्धूर चुली, रोपवाटिका. पैसा बाहेरच्या देशातून येणार. अटी काय? सहा महिन्यांनी अहवाल, फोटो. आणि ‘प्रोजेक्ट चालू असताना मोर्चे, घेराव असं काही करू नका, वरचे लोक नाराज होतात’. ही शेवटची अट कागदावर नव्हती, जाता जाता सांगितली.

आम्ही तो कागद घेऊन अकरा वाड्यांवर फिरलो. हे ओरडून सांगतो, कारण बऱ्याच ठिकाणी असा कागद दोन-तीन पुढारी वाचतात आणि सही करतात. वाड्यांवर एकमत झालं नाही. दोन वाड्या म्हणाल्या, घ्या. का घेऊ नये? दवाखान्यात न्यायला जीप मिळेल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गेल्या पावसात त्यांच्याकडची एक पोरगी साप चावून डोलीतच गेली. एक वाडी म्हणाली, पगार घ्या आणि मोर्चा पण काढा, काय करतील? यावर सगळे हसले. आमच्या वाडीतल्या म्हातारीने मात्र एवढंच विचारलं, “जीप दारात उभी राहिली आणि मग मोर्च्याचा दिवस आला, तर ते काय म्हणतील?” मी म्हटलं, थांबा म्हणतील. ती म्हणाली, “मग ही उचल झाली.”

विषय तिथेच फिरला. उचल काय असते ते सांगायला कुणाला लागलं नाही.

आम्ही त्यांना पत्र लिहिलं. शिव्या घातल्या नाहीत. लिहिलं की पगार आणि जीप नको. बाहेरच्या देशाचा पैसा घ्यायला कायद्याने सरकारचा नंबर लागतो, तो आमच्याकडे नाही, आणि तो घेऊन आमची वही सरकारच्या हातात द्यायची नाही. पण तुमच्यातल्या कुणाला आमच्याबरोबर राहायचं असेल तर या. दोन वाड्यांना साप चावल्यावरचं औषध तालुक्याच्या दवाखान्यात कायम असावं यासाठी साहेबांकडे आमच्याबरोबर चला. तेवढं केलंत तरी आमच्या वहीत तुमचं नाव लागेल. पत्र जाऊन अडीच महिने झाले. उत्तर आलेलं नाही.

आमचा एक साथी त्यांच्याकडे नोकरीला लागला. माझ्या बरोबरीचा, भट्टीवर एकत्र खेळलेलो. त्याची बायको आजारी आहे, घर चालवायला दर महिन्याला पैसे लागतात. काही जण त्याला फितूर म्हणाले. मी म्हणणार नाही. संघटनेने कार्यकर्त्याच्या पोटाचा विचार केला नाही तर दुसरा कुणी करतो. यावर आपल्याला वेगळी बैठक लावावी लागेल, आज वेळ नाही.

थोडं आलेल्या पाहुण्यांबद्दल. पैसे देणारे वाडी बघायला आले की आपण काय करतो? उधारीवर कोंबडी आणतो, पोरांना नाचायला उभं करतो. नका करू. नाचणीची भाकरी आहे ती द्या. त्यांना दळीपर्यंत चालवा, दम लागला तर लागू दे. कामाचा दिवस असेल तर हातात विळा द्या. फाटक्या कपड्यातल्या पोराला पुढे उभं करून फोटो काढायला देऊ नका. त्या पोराला मोठेपणी तो फोटो दिसला तर? आणि पाहुण्यांना पण प्रश्न विचारा, तुमच्या घरी किती माणसं, तुमचं पाणी कुठून येतं. बाईंना आमच्या बायांनी विचारलं, तुम्हाला एकटीला रात्री भीती नाही वाटत का? त्यावर रात्रभर बोलणं झालं.

जुन्या कपड्यांबद्दल पण बोलतो, इथे काही कोल्हापूरकर हितचिंतक बसलेत, त्यांनी राग मानू नये. एकदा एका शहरातून कपड्यांची सहा पोती आली. मुंबईपासून भाडं आम्ही भरलं, डोक्यावर वर नेली. एका पोत्यात नऊ टाय निघाले. पोरांनी बैलांना बांधले, पोळ्याला बैल साहेबासारखे दिसत होते. पाठवणाऱ्याला मी ते कळवलं नाही, आभाराचं पत्र टाकलं. ते खोटं पत्र होतं. आज मी असतो तर लिहिलं असतं, दादा, कपडे नकोत, दाव्याच्या कागदांना, टायपिंगला पैसे लागतात, ते द्या. माणसाला खरं सांगितलं तर तो तुटत नाही. आणि तुटला तर तो आपला नव्हता असं तरी कळतं.

हिशेब मात्र दोन तऱ्हेचा नको. देणाऱ्यांना गोड आणि वाड्यांना वेगळा, असं बऱ्याच ठिकाणी असतं. आमच्याकडे जो हिशेब वाडीवर मोठ्याने वाचतो तोच स्टेन्सिल कापून बाहेर पाठवतो. आज तोच इथे वाचतो आणि थांबतो. दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंतचा आहे.

जमा. अकरा वाड्यांची पायली विकून २,३४० रुपये. घरटी दहाप्रमाणे १८६ घरांचे १,८६० रुपये. कोल्हापूरच्या हितचिंतकांकडून, मनीऑर्डरी आणि हातात मिळून, ४,११५ रुपये. दोन शिक्षकांनी मिळून एकदाच १,००० रुपये. एकूण ९,३१५.

खर्च. स्टॅम्प पेपर आणि टायपिंग २,४८०. एस.टी. भाडं २,१६५. वकील २,०००. नकाशाच्या नकला ६४०. बुलेटिनचा कागद, स्टेन्सिल, शाई ५८५. पोस्ट ११२. आत असलेल्यांची भेट आणि औषध ४३०. एकूण ८,४१२.

शिल्लक ९०३ पाहिजे. डब्यात ८६६ आहेत. ३७ रुपये लागत नाहीत. ते माझ्या हातून कुठे तरी गेले, एस.टी.च्या तिकिटांत असतील, पण तिकिटं सापडली नाहीत. वाडीवर सांगितलं, लोक म्हणाले तसंच लिही. तसंच लिहिलंय.

वही इथे टेबलावर ठेवतो. ज्याला बघायची असेल त्याने बघा, फक्त पानं ओल्या हाताने उलटू नका.

जिंदाबाद.